चूल टिकली तर जमीन टिकेल



आषाढ लागला. कुठं पेरण्या झाल्या, कुठं अजून ढगाकडं बघणं चालू आहे. घरातल्या कणग्या मात्र सगळीकडं सारख्याच, तळाला गेलेल्या. दिवाळीला आलेली ज्वारी कुणाची शिमग्यापर्यंत पुरली, कुणाची फार तर अक्षय्य तृतीयेपर्यंत. आता हाती येणार तो पोळ्याच्या सुमाराचा मूग आणि मग एकदम दिवाळीची ज्वारी. मधले हे साडेतीन-चार महिने लेकरांच्या ताटात काय वाढायचं, हा प्रश्न आज जिंतूर तालुक्यातल्या आपल्या प्रत्येक आंध वस्तीत आहे, पारध्यांच्या पालांवर आहे, आणि १ मे १९९९ ला जिल्हा तुटल्यावर हिंगोलीकडं गेलेल्या कळमनुरी-औंढ्याच्या आपल्या भाऊबंदांच्या घरीही आहे.

मागच्या महिन्यात गायरानाच्या कागदांसाठी आम्ही वस्त्यांवर बैठका घेत फिरत होतो. तलाठ्याची नोंद, दंडाच्या पावत्या, साक्षीदार असं सगळं समजावून सांगून झालं. मग एक मावशी म्हणाली, "पोरांनो, तुमचे कागद बरोबर हायत. पण आज संध्याकाळी चुलीवर काय ठेवू ते बी सांगा की." बाकीच्या बाया हसल्या, पण कुणी गंमत म्हणून हसलं नाही. तिथूनच विषय निघाला, की धान्य आणि किराणा गावातच, सगळ्यांनी मिळून, कमी पैशात मिळेल अशी सोय आपण का करू नये?

आपल्यातल्या काही जुन्या कार्यकर्त्यांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की "आपली संघटना जमिनीची हाय. तेल-मीठ वाटायला संस्था पुष्कळ फिरतात. आपण बी दुकान मांडून बसलो तर मोर्चाला कोण येईल?" दादा-काकांचा हा प्रश्न आम्ही हलका समजत नाही. दुकानाच्या हिशोबात अडकून बसलेली मंडळं आपण पाहिली आहेत. पण आमचं मत वेगळं आहे, आणि ते का, हे या अंकात सरळ मांडतो.

भूक ताबा कशी काढून घेते

आपल्या गायरानावरचे पट्टे हातचे जातात ते नेहमी नोटिशीनं किंवा पोलीस बंदोबस्तानं जात नाहीत. बरेच पट्टे गुपचूप जातात. ते कसे जातात, बघा.

आषाढात धान्य संपतं. श्रावणात मुकादम वस्तीवर येतो आणि ऊसतोडीची उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली की त्या पैशातून ज्वारी येते, तेल येतं, लेकरू आजारी असेल तर औषध येतं. दसरा झाला की गाडी भरते आणि घर कारखान्याच्या वाटेला लागतं. त्या वेळी गायरानात ज्वारीची कणसं भरत आलेली असतात, तूर तर अजून हिरवी असते. मागं राहते म्हातारी आणि शाळेतली एखादी पोर. मग एका रात्री गावातल्या मोठ्यांची जनावरं रानात सुटतात. विचारायला गेलं तर उत्तर येतं, "गायरान हाय, जनावरं चरणारच." पुढं कधी पाहणी झाली तर पंचनाम्यावर चढतं, की जमिनीवर पीक नाही, जमीन पडीक.

वर्षानुवर्षं कसलेली जमीन एका हंगामात पडीक ठरते. त्याचं मूळ आषाढातल्या रिकाम्या कणगीत आहे. म्हणून आम्ही म्हणतो, आषाढात ज्या घरी पायलीभर ज्वारी आहे त्या घराला उचल नाकारता येते, आणि उचल नाकारली तर कार्तिकात ते घर आपल्या रानात राखणीला असतं. जुलै महिन्याची भाकरी हाच दिवाळीचा ताबा आहे. जमिनीची चळवळ आणि चुलीची चळवळ अशा दोन चळवळी आपल्याला परवडत नाहीत. त्या एकच आहेत.

उचल नाही घेतली तर दुसरा रस्ता सवाई-दिढीचा. आषाढात मणभर ज्वारी घ्यायची आणि दिवाळीला सवाईनं वीस पायल्या द्यायच्या, दिढीनं चोवीस. मणाच्या सोळा पायल्या हे आपल्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. म्हणजे चार महिन्यांसाठी मणामागं चार किंवा आठ पायल्या जास्त. खळ्यावरूनच तेवढं धान्य उचलून जातं, म्हणून पुढची कणगी आणखी लवकर रिकामी होते आणि पुढच्या आषाढात मणाच्या जागी दीड मण आणावं लागतं. असं हे चाक आहे. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणून तर पावसाळ्यात आदिवासीनं सावकाराच्या दारात जाऊ नये यासाठी १९७८ साली खावटी कर्जाची योजना निघाली. पण योजना आदिवासी विकास महामंडळाच्या कागदावर आणि भूक आपल्या घरी. दोघींची गाठ वेळेवर पडेल याचा भरवसा धरून लेकरं वाढवता येत नाहीत.

आधी हक्काचं राशन

गावाची सोय करायची म्हणजे राशन सोडायचं, असा अर्थ कुणी काढू नये. राशन हा हक्क आहे आणि त्यातला एक दाणाही सोडायचा नाही.

२५ डिसेंबर २००० ला अंत्योदय योजना सुरू झाली. तेव्हा सगळ्यांत गरीब घराला गहू दोन रुपये किलो आणि तांदूळ तीन रुपये किलो होता. सुरुवातीला महिन्याला पंचवीस किलो होतं, एप्रिल २००२ पासून पस्तीस किलो झालं. वीस किलो गहू आणि पंधरा किलो तांदूळ धरला तर त्या भावानं सगळे मिळून पंच्याऐंशी रुपये व्हायचे. ज्यांचं साधं पिवळं कार्ड होतं त्यांचाही कोटा तेव्हा पस्तीस किलोच होता, भाव मात्र अंत्योदयापेक्षा जास्त.

हे फुकटात मिळालेलं नाही. २००१ साली राजस्थानातल्या पीयूसीएल या संघटनेनं सुप्रीम कोर्टात दावा लावला. सरकारची गोदामं भरून वाहायलीत आणि माणसं उपाशी, हे कसं, असा तो दावा होता. जुलै २००२ मध्ये सरकारच्या गोदामांत सहा कोटी टनांहून जास्त धान्य पडून होतं. या दाव्यात कोर्टानं वेळोवेळी हुकूम दिले. त्यातले आपल्या कामाचे असे:

२८ नोव्हेंबर २००१ च्या हुकमानं अन्नाच्या सरकारी योजना म्हणजे मेहेरबानी राहिलेली नाही, लोकांचा हक्क झाला.

८ मे २००२ च्या हुकमानं अन्नाच्या सगळ्या योजनांची तपासणी करायचा अधिकार ग्रामसभेला मिळाला.

२ मे २००३ चा हुकूम असा. दुकान ठरल्या दिवसांत उघडं ठेवलं नाही, ठरल्यापेक्षा जास्त भाव घेतला, गरिबाचं कार्ड स्वतःकडं ठेवून घेतलं, कार्डावर खोट्या नोंदी केल्या किंवा माल काळ्या बाजारात घातला, तर दुकानाचा परवाना रद्द होऊ शकतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याचं धान्य हप्त्या-हप्त्यानं घेता आलं पाहिजे. याच हुकमात निराधार विधवा, एकट्या बाया, आधार नसलेले म्हातारे आणि अपंग यांना अंत्योदयात घ्यायला सांगितलं आहे.

हप्त्याची गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या हाती एका वेळी पंच्याऐंशी रुपये नसायचे. आठवड्याच्या बाजाराला वीस-पंचवीस असायचे. दुकानदार म्हणतो, "सगळं एकदम उचल, नाहीतर कोटा गेला." आता त्याला तसं म्हणता येणार नाही. आम्ही गेलो त्या एका गावात चार-पाच घरांची कार्डं कित्येक महिने दुकानातच होती. बायांना वाटत होतं, तिथंच ठेवायची पद्धत असते. बाया मिळून गेल्या, कार्डं परत आणली. उघडून बघतात तर न उचललेलं धान्य उचललं म्हणून लिहिलेलं. म्हणून या महिन्याचं पहिलं काम हेच. प्रत्येकानं आपलं कार्ड घरात आणायचं आणि शाळेतल्या पोराकडून त्यावरच्या नोंदी मोठ्यानं वाचून घ्यायच्या.

पस्तीस किलो कुठपर्यंत पुरतात

आता घरातला हिशोब करू. नवरा, बायको, म्हातारी आणि तीन लेकरं. राबणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागतंच. दोघांचं किलो झालं. म्हातारी आणि लेकरं प्रत्येकी तीनशे ग्रॅम धरली, तर चौघांचे बाराशे ग्रॅम. म्हणजे दिवसाला दोन किलो दोनशे. सगळं राशन मापात मिळालं तरी सोळाव्या दिवशी पोतं झटकावं लागतं. पुढचे चौदा दिवस मोकळे. सोळा दिवस सरकारचे असतील तर चौदा दिवस आपले आहेत.

शिवाय आपण खातो ज्वारी आणि मिळतो गहू. ज्वारीची भाकरी तव्यावर नुसत्या पाण्याच्या हातानं होते. मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी असली की पोट भरतं, दुपारपर्यंत भूक लागत नाही. गव्हाला तेल लागतं, सोबत कालवण लागतं. ज्वारीचा कडबा बैलाच्या तोंडी जातो, राशनच्या पोत्यातून कडबा निघत नाही. राशनवर ज्वारी द्या ही आपली मागणी आहेच आणि राहील. पण मागणी मान्य होईपर्यंत तवा थंड ठेवता येत नाही.

किराणा एकत्र आणायचा

गरिबाला वस्तू महाग पडते, कारण तो ती थोडी-थोडी घेतो. पाच रुपयांचं तेल, दोन रुपयांचा चहा, रुपयाची हळद. पुडीमागं दुकानदाराचा नफा जातो, उधारीचा वाढीव भाव जातो, आणि मापात कमी येतं ते वेगळंच. पंधरा घरांनी पैसे गोळा करून तेलाचा पंधरा किलोचा डबा जिंतूरच्या बाजारातून आणला तर घरटी एक किलो. मीठ, गूळ, चहा, साबण, मिरची, सगळ्याला हाच नियम.

डाळीचं तर आपण आपल्याच हातानं नुकसान करून घेतो. पौष-माघात तूर मोंढ्यात घालतो, मिळेल त्या भावात. आषाढात तीच तूर डाळ होऊन येते आणि आपण ती पावशेरानं विकत घेतो. घरटी दोन-तीन पायल्या तूर मागं ठेवली आणि आपल्याच जात्यावर भरडली तर चार महिन्यांचं वरण घरचं होतं. जातं आहे, हात आहेत. एकाच वेळी सगळ्यांनी तूर न विकण्याचा निश्चय तेवढा लागतो.

यासाठी दुकान टाकायची गरज नाही. गाळा नको, काउंटर नको, नफा नको. महिन्यातून एकदा यादी करायची, पैसे गोळा करायचे, दोन माणसांनी जाऊन माल आणायचा, पारावर सगळ्यांसमोर मापून वाटायचा आणि पावती वाचून दाखवायची. एकच नियम कडक ठेवायचा. उधारी नाही. उधारी सुरू झाली की अशी सोय सहा महिन्यांत बसते, कारण मग माल आणायला पैसे राहत नाहीत आणि माणसं एकमेकांची तोंडं चुकवायला लागतात.

गावाचं कोठार

पण खरा आधार धान्याचा. त्यासाठी गावाचं कोठार हवं. हे स्वप्न नाही, आपल्या जवळच घडलेलं आहे. परभणीहून परळी, तिथून उदगीर, बिदर असं रेल्वेनं पुढं गेलं की तेव्हाच्या आंध्रातल्या मेदक जिल्ह्यातलं झहीराबाद लागतं. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर काम करणाऱ्या खेड्यांतल्या बायांनी, ज्यांत बहुतेक दलित आहेत, १९९० नंतरच्या दशकात गावाचं स्वतःचं राशन उभं केलं. गरिबांच्या नावावरची पण पैसा नाही म्हणून पडीक राहिलेली जमीन त्यांनी शोधली. तीस-एक गावांत मिळून अडीच हजार एकरांच्या पुढं. नांगरट, बी, खत यासाठी घरांना कर्ज दिलं, आणि ते पैशानं न घेता काही वर्षांत ज्वारीच्या रूपानं परत घेतलं. ती ज्वारी गावातच साठवली आणि टंचाईच्या महिन्यांत गरिबांना स्वस्तात दिली. गरीब कोण, हे तहसीलनं ठरवलं नाही. गावानं सगळ्यांसमोर बसून ठरवलं. जो जास्त गरीब त्याला जास्त ज्वारी.

आपली अडचण वेगळी आहे, हे लपवत नाही. त्यांच्याकडं निदान जमीन नावावर होती. आपल्या पट्ट्याला सातबारा नाही, म्हणून सोसायटीचं कर्ज नाही. बाहेरून भांडवल यायची वाट बघितली तर म्हातारे होऊ. म्हणून सुरुवात आपल्या खळ्यावरूनच करायची.

हिशोब असा. बत्तीस घरांची वस्ती धरा. दिवाळीला प्रत्येक घरानं चार पायल्या कोठारात घातल्या तर १२८ पायल्या, म्हणजे आठ मण होतात. आषाढात ती उसनी द्यायची आणि दिवाळीला मणामागं फक्त एक पायली जास्त घ्यायची, उंदीर-किडीची तूट भरून निघावी म्हणून. सवाईत चार पायल्या, दिढीत आठ, आपल्यात एक. दुसऱ्या दिवाळीला आठ मणांचे साडेआठ होतील आणि नव्या भरीचे आठ मिळून साडेसोळा. तिसऱ्या दिवाळीला साडेपंचवीस मणांच्या आसपास. पहिल्या वर्षीच्या आठ मणांत सगळ्या वस्तीचा आषाढ निघणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण सगळ्यांत अडलेली आठ-दहा घरं सावकाराच्या दारातून मागं येतील. तेवढ्यावर सुरुवात होते.

धान्य बँका याआधीही निघाल्या. आदिवासी भागांसाठी केंद्र सरकारनं १९९६-९७ मध्ये तशी योजनाही काढली. कोठार उभं राहतं आणि मग बसतं, ते बहुतेक तीन कारणांनी. वही एकाच माणसाकडं राहते, पुढाऱ्याचा पाहुणा धान्य नेतो आणि परत करत नाही, किंवा दुष्काळ पडतो. म्हणून नियम आधीच ठरवू. कोठाराला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन बायांकडं. वही बारावीपर्यंत शिकलेल्या पोरानं किंवा पोरीनं लिहायची आणि दर अमावस्येला सगळ्यांसमोर वाचायची. कार्यकर्त्याच्या घराला सगळ्यांत शेवटी. दुष्काळात वरची पायली माफ, मुद्दल पुढच्या वर्षी, पण बुडीत कुणालाच नाही. विधवा, एकट्या बाया, निराधार म्हातारे यांना भर न घालताही हक्क. धान्य दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवायचं, कडुलिंबाचा पाला घालून भरायचं. हे बायांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

पट्ट्यात काय पेरायचं

कोठार भरायचं तर रानात ज्वारी पाहिजे. इथं थोडं कडू बोलावं लागतं. आपल्यातले बरेच जण गायरानाच्या मुरमाड पट्ट्यात बांधापासून बांधापर्यंत कापूस लावायलेत. बी उधारीवर, फवारणीचं औषध उधारीवर. कापूस गेला की पैसा दुकानदाराकडं, आणि आषाढात आपण पुन्हा उचलीच्या दारात. कापूस लावूच नका असं आम्ही म्हणत नाही, लेकरांच्या शाळेला रोख पैसा लागतो. पण निदान तिसरा हिस्सा पोटाचा ठेवा. ज्वारी, त्यात तुरीचे तास, मूग, उडीद. संकरित ज्वारी काढणीच्या पावसात सापडली तर काळी पडते, म्हणून ज्यांच्याकडं जुनं गावरान बी शिल्लक असेल त्यांनी ते मूठ-मूठ वाटावं.

कोठाराची वही आणि जमिनीचा दावा

१४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीनांची अतिक्रमणं कायम करायचा सरकारचा निर्णय आहे. तरी आपल्या कितीतरी घरांचे दावे अजून टेबलावरून टेबलावर फिरतात. एक-ई च्या नोंदवहीत नाव नाही, पावती हरवली, साक्षीदार वारला, अशी कारणं असतात. साहेब विचारतो, "तिथं तुम्ही पिकवता तरी काय?"

कोठाराच्या वहीत दरसाल लिहिलेलं असेल, की अमुक पट्ट्यातून इतक्या पायल्या आल्या, खाली वस्तीच्या सह्या-अंगठे. तो काही सातबारा होणार नाही. सरकारी पुराव्याची जागाही ती वही घेणार नाही, म्हणून पावत्या आणि नोंदींसाठीचा आपला झगडा चालूच राहील. पण त्या साहेबाच्या प्रश्नाला आपल्याकडं आपल्या हातानं लिहिलेलं उत्तर असेल. या जमिनीनं कोण जगलं, ते त्यात असेल. आणि ज्यांनी ती वही भरली ती माणसं दिवाळीला गावात हजर असतील, कारखान्याच्या फडात नसतील.

दादा-काकांना आमचं एवढंच उत्तर आहे. उपाशी माणूस एका मोर्चाला येतो, दुसऱ्या मोर्चाच्या वेळी तो उसाच्या फडात असतो. आपल्याला दहा वर्षं टिकायचं आहे.

पोळ्याच्या आधी सगळ्या वस्त्यांची बैठक होईल. त्यात या चार गोष्टींवर प्रत्येक वस्तीनं हो किंवा नाही सांगायचं आहे. कार्डं घरात आणून नोंदी तपासणं, महिन्याचा किराणा एकत्र आणणं, दिवाळीला कोठाराची भर घालणं, आणि पट्ट्याचा तिसरा हिस्सा पोटासाठी ठेवणं. बैठकीला नुसते गडी आले तर निर्णय घेणार नाही. कणगीचा तळ ज्यांना रोज दिसतो त्या बाया पाहिजेत.

हा अंक ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि वाचून झाला की पुढच्या वस्तीला द्या.

जमीन कसणाऱ्याची, कोठार गावाचं!